व्हॅनचा आवाज कुठे गेला?

"ब्रेक हवाच," ताई म्हणाली.

"ब्रेक कशाला? पाय आहेत की," भोंगा म्हणाला.

"आणि चपला झिजल्या की नव्या कोण आणून देणार?" शंकासुराने विचारलं.

वाद गाड्याचा होता. सुट्टी लागल्यापासून सहा दिवस खपून तिघांनी तो बनवला होता. बूड फळ्यांचं, बैठक फळांच्या पेटीची आणि चाकं पाळणाघराने टाकून दिलेल्या बाबागाडीची. रविवारी मैदानाच्या उतारावर शर्यत होती. आज गुरुवार, आणि गाड्याला ब्रेक सोडून सगळं होतं.

ताई आणि शंकासूर ही सख्खी भावंडं, मामाकडे सुट्टीला आलेली. ताई तेरा वर्षांची. यादी केल्याशिवाय ती दातसुद्धा घासत नसे. तिचा भाऊ अकरा वर्षांचा आणि त्याला जन्मापासून प्रत्येक गोष्टीत शंका. भोंगा शेजारचा. कुठल्याही गाडीचा हॉर्न, दार, इंजिन त्याच्या तोंडून हुबेहूब निघे. ते कधी निघेल याचा मात्र नेम नसे.

तिघं मामाच्या दुकानाच्या मागच्या पायरीवर बसली होती. दुकान गाड्यांचे स्टिरिओ बदलण्याचं. मागे मोठं अंगण, अंगणाच्या पलीकडे पाळणाघर. पाळणाघराची पिवळी व्हॅन दिवसा याच अंगणात उभी असे आणि रोज सकाळी पोरांना घेऊन आली की मागे मागे येत आपल्या जागेवर लागे.

आत्ताही ती तशीच मागे येत होती. मग लाकूड मोडल्याचा आवाज झाला. पुन्हा एकदा झाला, आणि व्हॅन थांबली.

तिघं धावली. गाड्याचं पुढचं अर्धं अंग व्हॅनच्या मागच्या चाकाखाली होतं. एक चाक सुटून अंगणभर गोल फिरत गेलं आणि भिंतीशी जाऊन आडवं झालं. तिघांना इतकं वाईट वाटलं, की भोंग्याच्या तोंडूनही काही निघेना.

व्हॅनकाका खाली उतरले. बारा वर्षं ते पाळणाघराची पोरं ने-आण करत होते आणि एवढ्या वर्षांत त्यांनी साधी कुंडीही पाडली नव्हती. त्यांनी आधी व्हॅनखाली वाकून नीट बघितलं, मग आतली पोरं मोजली. मोजून झाल्यावर ते दाराला टेकले.

"आवाजच आला नाही," ते म्हणाले. "मागे काही असलं की गाडी ओरडते. आज ओरडलीच नाही."

पाळणाघराच्या बाई तोवर बाहेर आल्या होत्या. बाई वाईट नव्हत्या. पण त्यांच्या हाती लोकांची पोरं होती, आणि त्या दोनदा विचार करत बसणाऱ्यांतल्या नव्हत्या.

"आज लाकडाचा गाडा होता, काका," त्या म्हणाल्या. "सोमवारपासून मी दुसरा ड्रायव्हर बघते. शनिवारी पाच वाजता किल्ली माझ्याकडे द्या. तोपर्यंत गाडी मागे घेताना सांभाळणाऱ्या मावशी खाली उभ्या राहतील."

"बाई, पण गाडीने..."

"गाडीला काय कळतंय?"

गडबड ऐकून मामाही बाहेर आला. मंगळवारी संध्याकाळीच त्याने या व्हॅनला नवा स्टिरिओ बसवला होता. पोरांना गाणी लावायला जुना चालेनासा झाला होता. काकांनी त्याच्याकडे आशेने बघितलं.

"तुमच्या हातून काही इकडचं तिकडं तर नाही ना झालं?"

"काका, सेन्सर मागच्या बंपरमध्ये. मी काम केलं पुढच्या डॅशबोर्डमध्ये," मामा म्हणाला. "मागच्या अंगाला मी बोटही लावलेलं नाही. नाकाचं ऑपरेशन केलं म्हणून गुडघा दुखतो का कधी?"

बाईंना ते पटलं. बाई आत गेल्यावर काका खाली बसले, मोडक्या गाड्यातले स्क्रू एकेक करून काढले आणि रुमालात बांधून ताईच्या हातात दिले.

"एवढे तरी कामाला येतील," ते म्हणाले. "मला माफ करा रे पोरांनो."

काका गेल्यावर शंकासूर बराच वेळ चपलेने माती उकरत राहिला. मग म्हणाला, "गाडा तिथे मीच ठेवला होता. काल संध्याकाळी. भिंतीशी लावायचा कंटाळा आला."

ताईने त्याला रागावायला तोंड उघडलं आणि मिटलं. त्याचा चेहरा बघून तिला काही बोलवेना.

"म्हणजे चूक आपलीही आहे," ती म्हणाली. "आणि नोकरी एकट्या काकांची जाणार. शनिवार पाचपर्यंत वेळ आहे. यादी करू."

"थांब," भोंगा म्हणाला. "मला आणखी एक सांगायचंय. ती व्हॅन कालपासून मुकी आहे."

"मुकी म्हणजे?"

भोंग्याने घसा साफ केला. "मी रोज तिची नक्कल करतो ना. दार उघडं राहिलं की टुंग, टुंग, टुंग. वळायचा दिवा लावला की टिक-टॉक, टिक-टॉक. काल मी फाटकापाशी उभा राहून ऐकत होतो. दिवा लागला, पण टिक-टॉक नाही. मला वाटलं, माझ्याच कानात काही गेलं."

"काकांना कसं कळलं नाही?" शंकासुराने विचारलं.

"आत दहा पोरं एका सुरात गात असतात. त्यात टिक-टॉक कुणाला ऐकू येणार?"

दुपारी पोरं झोपली तेव्हा तिघांनी काकांना गाठलं. काका आधी नको म्हणाले, मग ताईची यादी बघून हो म्हणाले. ताईचा पहिला नियम असा, की गाडीच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही. प्लास्टिकची बादली ठेवायची आणि बाजूला व्हायचं.

काकांनी किल्ली फिरवून दार उघडं ठेवलं. टुंग नाही. सीटचा पट्टा लावला नाही. ओरडणं नाही. वळायचा दिवा लावला. बाण लुकलुकला, आवाज नाही. शेवटी रिव्हर्स टाकून काका हळूहळू मागे आले. बादली वीतभर अंतरावर राहिली तरी व्हॅन गप्प.

ताईने चारही ओळींपुढे फुल्या मारल्या.

"दार वेगळं, पट्टा वेगळा, दिवा वेगळा, सेन्सर वेगळा," शंकासूर म्हणाला. "चार जणांचा घसा एकाच दिवशी कसा बसेल?"

"एकच घसा असेल तर बसेल," ताई सावकाश म्हणाली. "मामा पुढे काम करत होता. समजा, सगळे आवाज तिथूनच येत असले तर?"

हे मामाला विचारायला ती दोघांना घेऊन दुकानात शिरली. मामा एका गाडीच्या डॅशबोर्डात कोपरापर्यंत हात घालून बसला होता. मामाची बोटं कुशल होती, ते सगळे मानत. काळ्या प्लास्टिकच्या पट्टीने तो डॅशबोर्डची झाकणं अशी उचकटायचा, की एकही ओरखडा उठत नसे.

"पूर्वी बरं होतं," तो बोलतच होता. कुणी आलं की तो बोलायचाच. "स्टिरिओ म्हणजे खणात बसवलेला डबा. चार स्क्रू काढले की बाहेर. आता बघ, त्याच पाटीवर एसी, त्याच पाटीवर घड्याळ, त्याच पाटीवर स्क्रीन. कंपनीने सगळं एकात एक कालवून ठेवलंय. नवा बसवायचा तर मध्ये हा अडॅप्टर लागतो. नव्या स्टिरिओला जुन्या गाडीची भाषा समजावून सांगतो म्हण."

"मामा, व्हॅनचं दार, पट्टा, दिवा, सगळ्यांचेच आवाज गेलेत. ते स्टिरिओतून तर येत नसतील ना?"

"स्टिरिओतून गाणी येतात, राणी. काम झाल्यावर मी गाणं लावून बघतो. गाणं वाजलं की गाडी पास. माझ्या स्वतःच्या गाडीलाही हाच अडॅप्टर आहे. कधी तक्रार नाही."

मामा स्वतःच्या गाडीत बसला की गाणी एवढ्या मोठ्याने लावायचा, की तक्रार असती तरी त्याच्यापर्यंत पोहोचली नसती. पण हे ताईच्या नंतर लक्षात आलं.

तिथेच मामी टेबलापाशी चहा पीत गिऱ्हाइकांना फोन करत होती. टेबलापलीकडे मामाची खुर्ची होती. काळी, गोल फिरणारी, पाच चाकांची. तिच्यात मामाशिवाय कुणी बसायचं नाही असा दुकानाचा कायदा होता. मामी तो कायदा पाळायची, कारण तिला ती खुर्ची आवडत नसे.

"मामी, अडॅप्टरबरोबर काही कागद येतो का?" शंकासुराने विचारलं. "कसा जोडायचा, वगैरे?"

"येतो की. चांगला जाड येतो."

"मग कुठे असतो?"

मामीने बोटाने खाली दाखवलं. टेबलाचा एक पाय आखूड होता. त्याच्याखाली घडी घातलेल्या कागदांची गड्डी होती. प्रत्येक नव्या अडॅप्टरबरोबर आलेला कागद मामाने न उलगडता तिथे सरकवला होता.

"चहा उचल, मामी," ताई म्हणाली आणि खाली बसली.

मामीने कप उचलला, भोंग्याने टेबल धरलं. सर्वात वरचा कागद ताईने जमिनीवर पसरला. तिसऱ्या चित्रात अडॅप्टर होता आणि त्याला दोन बारीक तारांनी जोडलेला, शर्टाच्या बटणाएवढा एक गोल भाग. खाली लिहिलेलं तिने बोट ठेवून वाचलं. "मूळ स्टिरिओ काढल्यावर गाडीचे इशाऱ्याचे आवाज बंद होतात. सोबत दिलेला छोटा स्पीकर जोडावा."

तिघं एकमेकांकडे बघत राहिली.

"मामी," शंकासुराने विचारलं, "मामाच्या कामात सामान उरतं का?"

"नेहमी," मामी म्हणाली. "त्याला त्याचा अभिमान आहे. म्हणतो, लोकांना सामान कमी पडतं, माझं उरतं."

फळीवरच्या बिस्किटांच्या डब्यात ते उरलेलं सामान होतं. वॉशर, क्लिपा, रबराचे तुकडे, आणि तळाशी दोन-दोन तारांची शेपटी असलेले चार छोटे गोल स्पीकर. चारही कोरे, प्लास्टिकच्या पिशवीतून कधी बाहेरही न आलेले. भोंगा ते तळहातावर घेऊन उभा राहिला.

"चार गाड्या मुक्या आहेत," तो हळूच म्हणाला. त्याच्या मानाने हा फारच हळू आवाज होता.

मामाने मात्र कागदाकडे नुसतं तिरकं बघितलं. "कंपन्या काहीबाही जास्तीचं देतात. ती टिकटिक हौसेला असते. आणि मुलांनो, बाईंपुढे जाऊन काहीतरी बोलू नका. दुकानाचं नाव आहे माझ्या."

"काकांचंही नाव आहे," ताई म्हणाली. मामाने डॅशबोर्डात पुन्हा हात घातला आणि विषय संपला.

त्या संध्याकाळी तिघं पुन्हा पायरीवर बसली. ताईला मामाचा राग आला होता. मामा तिचा लाडका होता, म्हणून तो राग तिला जास्त टोचत होता.

"सांगून पटत नाही तर दाखवायचं," शंकासूर अखेर म्हणाला. "मामाला गाडी चालवून दाखवायला आवडतं का?"

या वेळी उत्तर सगळ्यांना माहीत होतं.

शनिवारी दुपारी ताई मामाकडे गेली. "मामा, बाई पाच वाजता येतायत. त्यांच्या मनात अजून शंका आहे, की स्टिरिओ बदलला की बीप जातो की काय."

"बाईंच्या?"

"थोडी आमच्याही," ताई प्रामाणिकपणे म्हणाली. "तुझ्या गाडीलाही तोच अडॅप्टर आहे ना? तू त्यांना एकदा दाखवलंस तर प्रश्नच मिटला."

मामाचा चेहरा खुलला. "आत्ता कसं बोललीस. येऊ दे त्यांना."

पाच वाजता बाई अंगणात आल्या. काका किल्ली मुठीत धरून उभे होते. त्यांनी व्हॅन आतून बाहेरून धुतली होती आणि आता काय करावं हे त्यांना सुचत नव्हतं. मामी दारात आली. मामाने आपली निळी गाडी अंगणाच्या मधोमध आणली.

भोंग्याने स्टिरिओचा एक मोठा रिकामा खोका गाडीच्या मागे नेऊन ठेवला.

"खोका कशाला?" मामा काच खाली करून म्हणाला. "माझी खुर्ची आण. एवढा माझा भरवसा आहे."

"मामा, खरंच खोका राहू दे," ताई म्हणाली. हे तिच्या यादीत नव्हतं.

"खुर्ची आण म्हणतो ना."

भोंगा खुर्ची ढकलत घेऊन आला. ताईने सगळ्यांना भिंतीपर्यंत मागे सरकवलं, मावशींनासुद्धा.

"मामा, गाणं बंद कर," शंकासूर ओरडून म्हणाला. "नाहीतर बीप ऐकू कसा येणार?"

हे बरोबरच होतं. मामाने गाणं बंद केलं. त्या गाडीत गाणं बंद होण्याची ती कदाचित पहिलीच वेळ. अंगण एकदम शांत झालं आणि गाडी मागे येऊ लागली.

मामा डोळे मिटल्यासारखे करून, कान देऊन, बीपची वाट बघत होता. गाडी सरकत राहिली. काकांनी नकळत हात वर केला. "थांबा, थांबा," ते म्हणाले, पण मामा बीपसाठी थांबला होता, माणसासाठी नाही.

खुर्ची आधी थोडी मागे पळाली. मग भिंतीला टेकली आणि मोडली.

मामा खाली उतरला, खुर्चीकडे बघितलं, मग काकांकडे बघितलं. गुरुवारी काका ज्या आवाजात बोलले होते, नेमका तोच आवाज त्याच्या तोंडून निघाला.

"आवाजच आला नाही."

ताईने कागद बाईंच्या हातात दिला आणि बिस्किटांचा डबा मामाच्या. बाईंनी तिसरं चित्र बघितलं, खालची ओळ दोनदा वाचली. मामाने डब्यातला एक गोल स्पीकर उचलला आणि तो चित्राशेजारी धरला. त्याचे कान लाल झाले होते.

"बाई," तो म्हणाला, "काकांची काही चूक नाही. हे जोडायचं मीच सोडलं. कागद मी कधी वाचलाच नाही. काका विचारत होते तेव्हा मी त्यांनाच उडवून लावलं." मग तो काकांकडे वळला. पुढचं बोलायला त्याला जड गेलं, पण तो बोलला. "काका, मला माफ करा."

"आणि गाडा मी ठेवला होता, बाई," शंकासूर मध्येच म्हणाला. गेले दोन दिवस तो हे वाक्य मनात घोळवत होता. "व्हॅनच्या जागेवर. तुम्ही काकांना काढू नका."

"माझंही आहेच की थोडं," काका म्हणाले. "गाडी ओरडेल या भरवशावर मी मागे नीट बघितलं नाही. गाडीला कान असले तरी डोळे माझेच."

बाईंनी मामा, शंकासूर आणि काकांकडे आळीपाळीने बघितलं. "मी इथे चुका करणाऱ्याला काढायला आले होते," त्या म्हणाल्या. "आता रांगच लागली. त्या रांगेत मीही आहे. मी काकांचं पुरतं ऐकूनच घेतलं नाही." त्यांनी काकांच्या मुठीकडे बोट केलं. "किल्ली ठेवा तुमच्याकडेच. मावशी मात्र मागे उभ्या राहतीलच, बीप येवो न येवो."

काकांनी मान हलवली आणि तोंड फिरवून डोळे पुसले. भोंग्याने ते बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदाच कुणाची नक्कल केली नाही.

मामाने लगेच व्हॅनमध्ये बसून झाकणं उचकटली आणि स्पीकर जोडला. मोजून दहा मिनिटं लागली. काकांनी दार उघडलं आणि व्हॅन म्हणाली, टुंग, टुंग, टुंग. रिव्हर्स टाकून ते रिकाम्या खोक्याजवळ आले तर ती अशी कोकलली, की पाळणाघरातली दोन पोरं जागी होऊन रडायला लागली. मामीने उरलेल्या दोन मुक्या गाड्यांच्या मालकांना तिथूनच फोन लावला आणि उद्या सकाळीच या म्हणून बजावलं.

"आपल्या चौघा मोठ्या माणसांना मिळून जे सुचलं नाही, ते या तिघांनी शोधलं," बाई जाता जाता मामीला म्हणाल्या. "भाचरं हुशार आहेत हो तुमची. आणि तो आवाजवालाही."

रविवारी सकाळी मामाने स्वतः मोडकी खुर्ची अंगणात आणली. काका सुट्टी असूनही आले. खुर्चीची चाकं शाबूत होती. काकांनी रुमालातले स्क्रू परत घेतले, फळ्या जोडल्या आणि मामाच्या कुशल बोटांनी चाकं बसवली. गाडा आता सरळ, आडवा, तिरपा, कुठेही जायचा, त्यामुळे ब्रेकचा वाद नव्याने सुरू झाला. ताईने ब्रेक लावूनच घेतला.

काम संपलं तेव्हा जमिनीवर एक चाक उरलं होतं. खुर्चीला चाकं पाच होती, गाड्याला लागली चार.

मामाने सवयीने ते उचललं आणि बिस्किटांच्या डब्याचं झाकण उघडलं. मग त्याचा हात थांबला. त्याने काकांकडे बघितलं, तिघांकडे बघितलं आणि चाक पुढे धरून विचारलं, "हे कुठे लागतं?"